घबाड निघालं, आता त्याचं करायचं काय?

या वेळचे प्रश्न ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या कथाखेळाचे, बहुतेक तो चालवणाऱ्या ‘डंजन मास्टर’ मंडळींचे. घबाड म्हणजे त्यात शत्रूला हरवल्यावर सापडणारा खजिना. उत्तरांतले आकडे पाचव्या आवृत्तीच्या 2014 सालच्या पुस्तकांतले आहेत, घबाडाचे तक्ते ‘डंजन मास्टर्स गाइड’मधले. 2024च्या पुस्तकात तक्ते बदललेत, तेव्हा दोन्हींची खिचडी करू नका.

प्रश्न : पहिल्याच लेव्हलला गॉब्लिनांच्या सरदाराच्या घबाडावर टक्केवारीचे फासे (दोन फासे मिळून 1 ते 100) टाकले आणि 99 आले. अधिक दोनची लाँगसोर्ड (जादूची तलवार, वार बसण्यात आणि इजेत दोनची भर) निघाली, ती फायटरने, म्हणजे लढवय्याने, घेतली. आता प्रत्येक लढाई तोच संपवतो, बाकीचे तिघे बघत बसतात. तलवार काढून घेऊ का? (ठाणे)

उत्तर : अजिबात नको. रात्री चोर पाठवून तलवार पळवलीत की चोर कुणी पाठवला हे टेबलावरच्या सगळ्यांना कळतं, आणि त्यानंतर मिळालेली प्रत्येक वस्तू खेळाडू उराशी धरून बसतात.

आधी नेमकं काय बिघडलंय ते पाहू. गॉब्लिनचा एसी (वार बसायला गाठायचा आकडा) 15, हिट पॉइंट (संपले की मेला) 7. तुमच्या फायटरचा हल्ल्याचा बोनस अधिक पाच असेल तर त्याला वीस बाजूंच्या फाशावर 10 लागायचे, आता 8 पुरतात. हा फरक मोठा नाही, वीसपैकी दोन बाजू. खरी मेख डॅमेजमध्ये (वाराने किती हिट पॉइंट जातात त्यात) आहे. आठ बाजूंचा फासा अधिक तीन या हिशेबात, वार बसला तर गॉब्लिन आठातून पाच वेळा मरायचा. आता अधिक पाच झाल्यावर आठातून सात वेळा मरतो. म्हणजे एका हल्ल्यात गॉब्लिन संपण्याची शक्यता साधारण 34 टक्क्यांवरून 57 टक्क्यांवर गेली. अशा वेळी आणखी सहा गॉब्लिन सोडले तर ते फायटरच्याच पथ्यावर पडतं. त्याऐवजी दांडगे हिट पॉइंट असलेला एखादाच शत्रू आणा. ओगरचे 59 असतात. तिथे सरासरी साडेसातच्या जागी साडेनऊ डॅमेज होतं आणि बाकीच्या तिघांचे वारही कामी येतात. वेअरवुल्फ (लांडगामाणूस) मात्र टाळा. त्याला साध्या शस्त्रांनी इजा होत नाही पण जादूच्या शस्त्रांनी होते, त्यामुळे तिथे फायटर एकटाच हिरो होईल आणि तुमची तक्रार दुप्पट.

पुढची दोन घबाडं फासे न टाकता, उरलेल्या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून लिहा.

आता मूळ चूक. चॅलेंज (शत्रूच्या ताकदीचा आकडा) 0 ते 4 च्या घबाड-तक्त्यात 98 ते 00 या तीन अंकांवर ‘जी’ तक्ता (जादूच्या वस्तूंच्या याद्यांपैकी एक) उघडतो आणि त्यात अधिक दोनची शस्त्रं येतात. तीन टक्के म्हणजे नगण्य वाटतं. पण पुस्तकाच्या अंदाजाने पूर्ण मोहिमेत या तक्त्यावर सात घबाडं निघतात. सात वेळा तीन टक्के धरले तर साधारण पाचातल्या एका मोहिमेत ‘जी’ तक्ता उघडणारच. पाचव्या लेव्हलपर्यंत 98 किंवा त्यापुढे काहीही आलं तरी सौम्य वस्तूंचा ‘एफ’ तक्ता वापरायचा, एवढा एक घरचा नियम करून टाका.

प्रश्न : खेळाडू तांब्याची नाणी गुहेतच टाकून जातात. मग ती द्यायचीच कशाला? (नाशिक)

उत्तर : टाकून जातात ते शहाणे आहेत! पन्नास नाण्यांचं वजन एक पौंड. चॅलेंज 0 ते 4 च्या घबाडात सरासरी 2100 तांब्याची, 1050 चांदीची आणि 70 सोन्याची नाणी असतात. एकूण 64 पौंड, म्हणजे 29 किलो. त्यातले 42 पौंड नुसतं तांबं, आणि त्याची किंमत अवघी 21 सुवर्णनाणी. वजनाचा पर्यायी नियम वापरत असाल तर स्ट्रेंग्थ 10 असलेल्याचा वेग 50 पौंडांच्या पुढे दहा फुटांनी घटतो.

एकूण किंमत तीच ठेवून रूप बदला. 20 सुवर्णनाण्यांचं तांबं काढा आणि त्याच्या जागी दहा-दहाचे दोन खडे ठेवा : पिरोजा, लाजवर्द, पट्ट्यांचा अकीक. वापरलेली शस्त्रं विकताना निम्मी किंमत येते, खडे आणि कलावस्तू मात्र पूर्ण किमतीला जातात. ‘25 सुवर्णनाण्यांची कलावस्तू’ असं कधी वाचून दाखवू नका. ‘काळ्या मखमलीचा मुखवटा, कडेला चांदीची जर’ म्हणा, किंमत बाजारात कळू द्या.

सगळं तांबं काढून टाकू नका. खानावळीत, नावाड्याला, पहारेकऱ्याला द्यायला चिल्लर लागतेच. आणि खेळाडू श्रीमंत होतील ही भीती सोडा. सात घबाडांची नुसती नाणी 1372 सुवर्णनाण्यांची होतात. एक प्लेट आर्मर, म्हणजे पूर्ण चिलखत, 1500ला मिळतं.

प्रश्न : घबाड निघालं की फासे टाकण्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात. (पुणे)

उत्तर : घरूनच टाकून या. एका घबाडाचं चिटोरं असं दिसावं : 1900 तांबं, 1200 चांदी, 80 सोनं. टक्केवारीत 41 आले, म्हणजे दहाचे पाच खडे आणि ‘ए’ तक्त्यावर एक ते सहा वेळा फेक. तीन आले. 34 वर पोशन ऑफ हीलिंग, 77 वर पहिल्या लेव्हलच्या मंत्राचा स्क्रोल, 62 वर पोशन ऑफ क्लाइंबिंग. खड्यांसकट किंमत 269, जादूच्या वस्तू वेगळ्या. पाच खड्यांसाठी पाच वेळा फासा टाकायची गरज नाही. एकदाच टाका, पाचही एकाच जातीचे. अशी तीन चिटोरी पाकिटात तयार ठेवा.

प्रश्न : टक्केवारीच्या दोन फाशांवर ‘00’ आणि ‘0’ म्हणजे शून्य की शंभर? (पणजी)

उत्तर : शंभर.

प्रश्न : ‘ए’ तक्त्यावर 99 आले, बॅग ऑफ होल्डिंग मिळाली. आता वजनाचा हिशेब बंद? (पुणे)

उत्तर : जवळजवळ. पिशवीत 500 पौंड मावतात, म्हणजे पंचवीस हजार नाणी, आणि पिशवीचं स्वतःचं वजन कायम 15 पौंडच राहतं. पण जास्त भरली किंवा तिला भोक पडलं की पिशवी फाटते आणि आतला सगळा ऐवज अ‍ॅस्ट्रल प्लेनमध्ये, म्हणजे दुसऱ्याच मितीत, विखुरतो. खंजीर टाकायचा तर म्यानासकट टाका.