वकिलीची सनद नुकतीच मिळाली, सिनियरकडे न जाता स्वतःची प्रॅक्टिस सुरू करू का?
करता येते, कोणी अडवत नाही, फक्त एआयबीई (बार कौन्सिलची वकिलांसाठीची परीक्षा) मुदतीत पास होऊन टाका. ऑफिसच्या भाड्यात पैसे घालू नका, तालुका कोर्टात बार रूममधलं टेबल आणि टायपिंगवाल्याशी ओळख एवढ्यावर भागतं. सुरुवातीला चेक बाऊन्सच्या केसेस घ्या, त्यासाठीच्या कलम १३८ मध्ये सगळा खेळ तारखांचा, चेक परत गेल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, नाही दिले तर मग महिन्याभरात केस दाखल, म्हणून पहिल्याच भेटीत मेमो नक्की कधी हातात आला ते पक्षकाराला विचारून लिहून ठेवा. इन्स्टावर रील टाकून कामं मागू नका, बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. आणि फी आधीच ठरवा, नातेवाईकांशी तर नक्कीच, ते "बघू नंतर" म्हणतात आणि वर चहाही आपल्यालाच पाजावा लागतो.