इमूची पिल्लं बाहेर आली, आता पाय सांभाळा

पहिले दोन-तीन दिवस पिल्लू काही खात नाही म्हणून जीव खालीवर करू नका. पोटातल्या बलकावर त्याचं भागतं. जबरदस्तीने भरवणं तर नकोच. उथळ भांड्यात स्वच्छ पाणी ठेवा, पुरे.

खरी काळजी पायांची. वर्तमानपत्रावर किंवा गुळगुळीत लादीवर उभं राहायला गेलं की दोन्ही पाय बाजूंना फाकतात, आणि एकदा फाकले की सरळ करणं महाकठीण. खाली खरखरीत रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी घाला. सतरंजीचे सुटे धागे मात्र आधी कापून टाका. ही मंडळी चमकणारं, लोंबणारं दिसेल ते गिळतात. खिळे आणि तारेचे तुकडेसुद्धा!

ऊब पहिल्या आठवड्यात साधारण ३२ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दिवा एका कोपऱ्यातच लावा, म्हणजे पिल्लं हवी तशी सरकतात. थर्मामीटर असू द्या, पण नजर पिल्लांवर ठेवा. दिव्याखाली घोळका करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. चोच उघडी टाकून लांब जात असतील तर उकडतंय.

कोरडं ऊन असेल तेव्हा रोज मोकळं पळू द्या. भरपूर प्रथिनांचा खुराक देऊन झटपट वाढवायचा मोह आवरा. वजन पुढे धावतं, पाय मागे राहतात. आणि एकटं पिल्लू शक्यतो ठेवू नका, किमान जोडी हवी.