फायनलला जाण्याआधी

प्रिय कॅप्टन,

केस स्पर्धेचा, म्हणजे कंपनीची एखादी अडचण वाचून निर्णय सुचवायच्या स्पर्धेचा, कॅम्पस राउंड पार केल्याचा तुझा मेसेज रात्री वाचला. फार आनंद झाला. सोबत पाठवलेलं प्रेझेंटेशनही दोनदा पाहिलं. एकूण २२ स्लाइड, आणि कंपनीने नेमकं काय करावं हे कळतं सतराव्या स्लाइडवर. त्याआधी स्वॉट (कंपनीच्या जमेच्या बाजू, उणिवा, संधी, धोके), पोर्टर (धंद्यातल्या स्पर्धेचा आराखडा), बाजाराचा आकार, स्पर्धकांचा तक्ता. काम मेहनतीचं आहे, ते दिसतं. पण सतराव्या स्लाइडवरही तुम्ही तीन पर्याय मांडता आणि खाली लिहिता, 'तिन्ही टप्प्याटप्प्याने राबवावेत.' ही ओळ मला सगळ्यात जास्त खटकली.

कारण हीच ओळ एकदा मीही लिहिली होती. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आमची टीम फायनलला पोचली होती. ज्युरीतल्या एका गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "पैसे एकाच पर्यायापुरते आहेत. कुठला घ्याल?" आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. चौघांच्या मनात चार उत्तरं होती. रात्रभर जागून स्लाइड सजवल्या, पण निर्णय घ्यायचा राहूनच गेला होता. त्या दिवशी हरल्याचं दुःख नंतर विरलं, तो प्रश्न मात्र अजून सोबत आहे.

सरावासाठी टाटांच्या नॅनो गाडीची केस घ्या. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी लोकांसमोर आली, लाख रुपयांची गाडी म्हणून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचा कारखाना सोडावा लागला, गुजरातमधल्या साणंदचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला, आणि २०१८ मध्ये उत्पादन जवळजवळ थांबलं. ही केस हातात आली की मुलं लगेच म्हणतात, ब्रँडचं रीपोझिशनिंग करा, म्हणजे लोकांच्या मनातली गाडीची ओळख बदला. त्याला आधारही आहे. 'सर्वांत स्वस्त गाडी' अशी ओळख होणं ही चूक झाली, असं रतन टाटा स्वतः नंतर म्हणाले होते. पण तिथेच थांबू नका, कागदावर हिशेब मांडा. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची. विक्रीच्या सगळ्यात चांगल्या वर्षातही आकडा पाऊण लाखाच्या आतच राहिला, म्हणजे क्षमतेचा तिसरा हिस्साही भरला नाही. आता समजा तुमच्या जाहिरातीने विक्री दुप्पट झाली. तरी लाखभर गाड्यांची जागा रिकामीच, आणि कारखान्याचा स्थिर खर्च चालूच. एवढा भागाकार केला की प्रश्नच बदलतो: या कारखान्यात आणखी काय बनवायचं? पुढे साणंदला टाटांचीच टियागो ही गाडी बनू लागली, हे तुला माहीत असेलच. दुसरं टोक ग्राहकाचं. दुचाकीवर चौघं बसून जाणारं कुटुंब गाडीची नुसती किंमत बघत नाही. महिन्याचा हप्ता, पेट्रोल, विमा, चाळीखाली गाडी लावायची कुठे, हे सगळं बघतं. अशा दोन कुटुंबांशी प्रत्यक्ष बोलून या, मग स्लाइडवरचं 'टार्गेट सेगमेंट', म्हणजे तुम्ही हेरलेला ग्राहकगट, बघा कसं वाटतं ते.

तुमची फायनल बंद खोलीतली, तीन तासांची आहे. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात १९८१ पासून एमबीएची जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते, तिथेही तयारीला तीनच तास मिळतात. तेव्हा घाबरू नकोस, पण वेळ आखून घे. पहिला अर्धा तास लॅपटॉप बंद. प्रत्येकाने केस एकट्याने वाचायची आणि आपला निर्णय एका वाक्यात चिठ्ठीवर लिहायचा. मग चिठ्ठ्या उघडा आणि भांडा, अगदी कडकडून. तासाभराच्या आत एक वाक्य पक्कं झालंच पाहिजे, आणि त्याच्याखाली काय सोडतोय आणि का, तेही. ते वाक्य पहिल्या स्लाइडवर. शेवटची वीस मिनिटं मोठ्याने बोलून बघायला ठेवा.

एक गोष्ट मनापासून सांगते. तुमच्यातला जळगावचा मुलगा हिशेबात सगळ्यात पक्का आहे. एक्सेलचं सगळं काम त्याचं, आणि बोलायला त्याला मिळाली फक्त आभाराची स्लाइड. इंग्रजी अडखळतं म्हणून ना? आकडे ज्याने काढले त्यानेच ते सांगायचे. ज्युरी प्रश्न आकड्यांवरच विचारणार, आणि तेव्हा तू त्याच्या वतीने उत्तर देऊ लागलीस तर दुसऱ्या उपप्रश्नाला अडकशील. त्याला उत्तरं आधी मराठीत बोलू दे. विचार पक्का झाला की साध्या इंग्रजीत तो नीट मांडेल. अडखळला तर अडखळू दे, कोणी मध्ये बोलू नका.

केसमध्ये नसलेला आकडा कोणी विचारला तर ठोकून देऊ नका. 'हे आम्ही गृहीत धरलंय, इतकं धरलंय, आणि ते निम्म्यावर आलं तरी निर्णय टिकतो,' असं सांगता आलं पाहिजे. न टिकणारा असेल तर तेही सांगा. त्यासाठी प्रश्न आला तरच दाखवायच्या दोन बॅकअप स्लाइड पुरे.

शनिवारी सकाळी दहाला चौघंही माझ्याकडे या. लॅपटॉप नको, कोरे कागद आणि एक कॅल्क्युलेटर आणा. मी एक केस काढून ठेवते. पोहे करीन, उपाशी या.

तुझी,
मॅडम