शिकार टप्प्यात आली का?

प्रश्न असा आला आहे : 'तीन टोकांच्या वीजवाहिनीवर दूरस्थ रिले अंडररीच होतो, त्याला मराठीत काय म्हणावं?'

आधी ते 'दूरस्थ' खोडा. दूरस्थ शिक्षण असतं. हा रिले उपकेंद्रात, वाहिनीच्या तोंडाशीच बसलेला असतो आणि व्होल्टेजला करंटने भागून बिघाड किती लांब आहे ते ताडतो, आणि तो आपल्या हद्दीतला वाटला तर वाहिनी बंद करतो. तो अंतर-रिले. ('अंतर म्हणजे फरकही, मग करंटमधला फरक पाहणाऱ्या डिफरन्शियल रिलेशी घोळ होईल' म्हणणाऱ्यांचा 'अंतर कापलं' आणि 'अंतर पडलं' यांत कधी घोळ झालाय का?)

खरी गंमत 'रिले'त आहे. जुन्या फ्रेंचमधला हा शिकारीचा शब्द. सावजाच्या वाटेवर ताज्या दमाचे कुत्रे जागोजागी ठेवायचे. आधीचे दमले की हे धावणार. पुढे कुत्र्यांचे घोडे झाले, मग तारायंत्रात मलूल करंटला नवा दम देणारं साधन रिले झालं. आपल्याकडे याला डाक बसवणं म्हणत, आणि डाकेचा माणूस बदलायची जागा म्हणजे टप्पा. टपाल त्यातूनच निघालं, असं माझं ठाम मत. कोशवाल्यांनी खुशाल नाकं मुरडावीत. मग झोनला, म्हणजे रिलेची नजर वाहिनीवर जिथवर पोचते त्या एकेका हद्दीला, 'परिक्षेत्र' कशाला? परिक्षेत्रं वनखात्याकडे आहेत. पहिला टप्पा, दुसरा टप्पा म्हणा! सावजही टप्प्यातच येतं ना? ३० जुलै २०१२च्या रात्री अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर बिघाड नव्हताच, भार अतोनात होता. रिलेला तोच तिसऱ्या टप्प्यात आलेला बिघाड वाटला, त्याने वाहिनी बंद केली आणि उत्तरेचं ग्रिड कोसळलं.

हां, अंडररीच, म्हणजे बिघाड आहे त्याहून लांब भासणं. समजा ४० किलोमीटरवर फाटा, त्यापुढे २० किलोमीटरवर बिघाड. फाट्यावर तिसऱ्या टोकाकडून तेवढाच करंट येऊन मिळाला, की पुढचे २० रिलेला ४० भासतात. साठावरचा बिघाड ऐंशीवर दिसतो. म्हणून पहिला टप्पा करंटची ही भर शून्य धरून, जवळच्या टोकाच्या साधारण ८० टक्क्यांवर लावतात. दुसरा मात्र भर जास्तीत जास्त धरून, लांबच्या टोकापलीकडे पोचेल असा.

थोडक्यात, रिलेचा पल्ला आखूड पडतो. तेच म्हणा. 'न्यूनव्याप्ती' सुचवणाऱ्यांनी रात्री अडीच वाजता कंट्रोल रूममध्ये फोनवर तो शब्द एकदा उच्चारून पाहावा.