पिढीजात जुनं घर दुरुस्त करून घेतलं; आता आत आधुनिक सजावट केली तर विसंगत दिसेल का?

तुम्ही म्हणता, घरातल्या तरुणांना आत सगळं आजच्या पद्धतीचं हवंय आणि थोरल्यांना वाटतंय की घराची कळाच जाईल. आमच्याकडेही हीच ओढाताण झाली, म्हणून लिहितो.

माझ्या मते घर नव्या वस्तूंमुळे विसंगत दिसत नाही. नव्यानं जुन्याचं सोंग घेतलं की दिसतं. आम्ही आधी तेच केलं होतं. जुन्या कोरीव दरवाजाशेजारी एक नवा हवा होता, म्हणून मशीनवर फुलं कोरून, काळपट पॉलिश मारून तसाच बनवून घेतला. नवा कुणाला जुना वाटला नाहीच, उलट लोक खऱ्या दरवाजाकडे बोट दाखवून विचारू लागले, "हाही आत्ताच केला का?" शेवटी तो नकली दरवाजा काढला आणि तिथं साधा, सपाट पल्ला बसवला. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

जुन्या वास्तू कशा जपाव्यात हे सांगणाऱ्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत हेच तत्त्व आहे: वास्तूत जो भाग नव्यानं भरून काढाल तो एकूण रचनेशी जुळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा. सनद स्मारकांसाठी आहे, पण घरालाही लागू पडते. त्याच वर्षी इटलीत वेरोना इथलं कास्तेलवेक्क्यो संग्रहालय वास्तुकार कार्लो स्कार्पा यांच्या कामानंतर पुन्हा खुलं झालं. त्यात नवी जमीन जुन्या भिंतीला भिडतच नाही, मध्ये फट सोडलेली आहे. त्यामुळे जुनं कुठे संपतं ते डोळ्यांना आपोआप कळतं.

ही फट घरात फार कामाची. जुन्या भिंती ओळंब्यात (सरळ उभ्या) नसतात, कोपरे गुण्यात (काटकोनात) नसतात. मॉड्युलर कपाटं भिंतीला चिकटवायला गेलात तर कुठे बोटभर, कुठे चार बोटं अंतर पडतं आणि मग कारागीर भिंतच सरळ करायला निघतो. तसं करू देऊ नका. कपाट भिंतीपासून थोडं सुटं, स्वतःच्या पायावर उभं ठेवा. वाकडी भिंत मागे छान दिसते. न्हाणीघरही शक्य असेल तर छताला न टेकणारी, खोलीतली वेगळी पेटी म्हणून करा. उद्या कुणाला काढायची झाली तर मूळ घर शाबूत राहतं.

रंगाची घाई मात्र आम्हाला भोवली. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडत असते. त्यावर आम्ही गुळगुळीत प्लास्टिक पेंट लावला. वर्षभरात फुगे आले, पोपडे निघाले, खाली लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला पांढरा क्षार. सगळं खरवडून चुन्याचाच हात दिला. सिमेंटचा गिलावा तर अशा भिंतीवर नकोच. तो ओल आत कोंडतो आणि मऊ विटांपेक्षा कडक असल्यानं विटाच झिजतात.

वरच्या मजल्यावर लाकडी तुळया असतील तर दगडी फरशीचा मोह आवरा. २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइटच दर चौरस मीटरला सुमारे ५४ किलो भरतो, खालचा मसाला वेगळा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय तिथं काहीही जड ठेवू नका, बाथटबसुद्धा.

दिव्यांसाठी छताला भोकं पाडू नका. जमिनीवरचे आणि भिंतीलगतचे दिवे पुरतात. २७०० केल्विनच्या आसपासचा उबदार प्रकाश लाकडावर खुलतो. भिंतीला घासून जाणारा प्रकाश प्रत्येक उंचवटा दाखवतो. दगडी भिंतीवर तो सुंदर, ठिगळं लावलेल्या गिलाव्यावर नाही. वायरी भिंत फोडून गाडण्यापेक्षा बाहेरून, सरळ रेषेत, उघड न्या.

सोफा, पडदे, चित्रं यांवर भांडू नका, ती कधीही बदलता येतात. आणि ती आताच घेऊही नका. जमलं तर थोड्या सामानात काही महिने राहा, म्हणजे दुपारचं ऊन कुठवर येतं आणि घरातले कुठे जाऊन बसतात ते दिसेल. आमचा महागडा सोफा आज ज्या खोलीत आहे तिथं कुणीच बसत नाही. सगळे जिन्याच्या पायऱ्यांवर असतात.