लायका स्क्रू माउंटची ‘कार्ल झाइस येना झोनार ५ सेमी १:१,५’ खरी आहे की ज्युपिटर-३? आवृत्त्या कशा ओळखायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विकायला आलेल्या एका लेन्सच्या पुढच्या रिंगवर ‘कार्ल झाइस येना’, ‘झोनार’, ‘१:१,५’, ‘५ सेमी’ आणि लाल ‘टी’ कोरलेला आहे, मागे लायका कॅमेऱ्यावर बसणारा ३९ मिमी स्क्रू आहे. ही युद्धकाळातली अस्सल जर्मन लेन्स, की सोव्हिएत ज्युपिटर-३ ला लावलेला मुखवटा?

लायका स्क्रूमध्ये हे नाव दिसलं की मी ती ज्युपिटर आहे असं धरूनच सुरुवात करतो, आणि उलटं सिद्ध करण्याचं काम लेन्सवर सोडतो. नावाची रिंग सगळ्यात शेवटी वाचायची. ती म्हणजे आटे पाडलेली एक पातळ चकती. रबरी कपाने दाबून फिरवली की सुटते. लेन्समधला सगळ्यात सहज बदलता येणारा भाग तोच, आणि बहुतेक लोक नेमका तोच वाचून पैसे मोजतात.

आधी घराणं. एफ/१.५ (रिंगवरचं ‘१:१,५’ म्हणजे हेच) झोनार १९३२ साली झाइस इकॉनच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी आली. रचना लुडविग बर्टेलेची: सात भिंगं, तीन गट. पुढे एक सुटं भिंग, मध्ये तीन चिकटवलेली, मागे आणखी तीन चिकटवलेली. इतकी भिंगं चिकटवण्यामागे कारण होतं. तेव्हा कोटिंग, म्हणजे काचेवरचा परावर्तन कमी करणारा पातळ थर, नव्हतं, आणि हवेला लागणाऱ्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर थोडा प्रकाश परत फिरून चित्र पांढुरकं करायचा. तीन गट म्हणजे असे पृष्ठभाग फक्त सहा. युद्धानंतर हीच रचना सोव्हिएत संघात गेली आणि ज्युपिटर-३ झाली. दोन्हींचं गणित जवळपास एकच, त्यामुळे काढलेल्या फोटोंवरून, मागच्या धूसरपणावरून वगैरे आवृत्ती ओळखता येते हा दावा मला पटत नाही. ओळख पटते ती धातूवरून.

पहिली चाळणी माउंटची. कॉन्टॅक्ससाठीच्या ५ सेमी लेन्सला स्वतःची फोकस रिंगच नसते, कारण हेलिकॉइड, म्हणजे लेन्स पुढे-मागे सरकवणारे आटे, कॅमेऱ्याच्या बॉडीत असतं. लेन्स म्हणजे नुसतं भिंगांचं नळकांडं, अ‍ॅपर्चर रिंग आणि मागे बेयोनेट, म्हणजे थोडंसं फिरवून अडकवायची खाच. अंतराचे आकडे कुठेच नाहीत. अशी लेन्स हातात आली तर ती कॉन्टॅक्सची किंवा तिची सोव्हिएत नक्कल असलेल्या कीव कॅमेऱ्याची. निकॉन एस या कॅमेऱ्याचा बेयोनेटही तसाच दिसतो आणि लेन्स बसतेही, पण दोघांच्या फोकसचं गणित वेगळं असल्याने जवळच्या अंतरावर एफ/१.५ ला फोकस चुकतो. तुमच्या लेन्सला फोकस रिंग आणि स्क्रू दोन्ही आहे, म्हणजे ती झोनारच्या मुख्य प्रवाहातली नाहीच. झाइसने लायका स्क्रूमध्ये ही लेन्स केली ती युद्धाच्या काळात, आणि थोडीच.

जर्मन आवृत्त्यांचा क्रम सोपा आहे. सुरुवातीच्या काळ्या रंगाच्या आणि निकेलच्या, पहिल्या काळ्या कॉन्टॅक्सबरोबरच्या. १९३६ मध्ये कॉन्टॅक्स २ आला तेव्हापासून क्रोमच्या. या दोन्हींवर कोटिंग नाही आणि म्हणून कोटिंगची खूण असलेला ‘टी’ही नाही. झाइसचं कोटिंगचं पेटंट १९३५ चं असलं तरी लाल ‘टी’ कोरलेल्या झोनार युद्धकाळातल्या. युद्धानंतर येनाच्या लेन्सचे अनुक्रमांक सुमारे ३० लाखांच्या पुढे जातात. पश्चिम जर्मनीत ओबरकोखेनला नवा कारखाना उभा राहिला, त्याच्या लेन्सवर ‘झाइस-ऑप्टन’ येतं आणि फोकल लेंथ सेंटीमीटरऐवजी मिलिमीटरमध्ये, म्हणजे ‘५० मिमी’ अशी. या १९५० च्या कॉन्टॅक्स २ए बरोबरच्या. नंतर ‘ऑप्टन’ जाऊन नुसतं ‘कार्ल झाइस’ उरतं, ‘येना’ शब्दाशिवाय. वापरायला घ्यायची असेल आणि कॅमेरा कॉन्टॅक्स असेल, तर माझं मत ऑप्टनला.

आता क्रमांक, ‘टी’ आणि माउंट यांचं आपसात जुळतं का ते पाहा. येनाचे १९३२ च्या आसपासचे क्रमांक साडेतेरा लाखांच्या घरात, १९३६ चे सतरा लाखांच्या आगेमागे, युद्धकाळातले सुमारे साडेसव्वीस लाखांपासून पुढे. लायका स्क्रूची अस्सल लेन्स साधारण २६ ते २९ लाखांच्या पट्ट्यात अपेक्षित आहे. रिंगवर सतरा लाखांचा क्रमांक, शेजारी लाल ‘टी’ आणि मागे लायका स्क्रू असं त्रिकूट दिसलं तर विषय तिथेच संपला. जुन्या लेन्सवर नंतर कोटिंग करून घेणारे लोक होते, पण त्यासाठी कोणी रिंगवर नव्याने ‘टी’ कोरत बसत नाही. क्रमांक पट्ट्यात बसला म्हणून मात्र लेन्स खरी ठरत नाही. नकली करणाऱ्यालाही क्रमांकांचे हे तक्ते माहीत असतात.

ज्युपिटरची बाजू ओळखता आली की अर्धं काम झालं. सगळ्यात आधीच्या, १९४० च्या दशकाच्या अखेरच्या लेन्सवर ‘ज्युपिटर’ नाव नसून रशियन लिपीत ‘झेडके’ ही दोन अक्षरं आहेत, या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याच्या. नंतर त्याच कारखान्याच्या ज्युपिटर-३, ज्यांवर प्रिझममधून वळणाऱ्या किरणाचं चिन्ह असतं. १९५० च्या दशकाच्या मध्यानंतर काम झागोर्स्कला गेलं आणि १९७० च्या दशकात वाल्दाईला. शेवटच्या काळातल्या वाल्दाईच्या काही लेन्स काळ्या आहेत, बाकी बहुतेक पांढऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या. १९५० च्या दशकापासून क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे वर्ष: ५५ ने सुरू होणारी १९५५ ची, ७८ ने सुरू होणारी १९७८ ची. रशियन नावाचं पहिलं अक्षर उभ्या दांडीला आडव्या रेघेने जोडलेल्या गोलासारखं दिसतं. कोटिंगसाठी ‘टी’ऐवजी लाल रंगात रशियन ‘पी’ असतो, दाराच्या चौकटीच्या आकाराचा. निर्यातीच्या लेन्सवर नाव रोमन लिपीत. आणखी एक ज्युपिटर-३ आहे, लोमोग्राफीने २०१६ मध्ये आणलेली ‘प्लस’. ती पितळी असून ०.७ मीटरपर्यंत फोकस होते, जुनी १ मीटरवर थांबते.

आता तुमची लेन्स हातात घ्या.

फोकस रिंग फिरवा आणि पुढचा भाग पाहा. ज्युपिटर-३ मध्ये फोकस करताना अ‍ॅपर्चर रिंगसकट सगळं पुढचं नळकांडं फिरतं. अ‍ॅपर्चरला टिकटिक थांबे नसतात आणि आकडे २२ पर्यंत जातात. अ‍ॅपर्चर रिंगच्या कडेला बारीक स्क्रू दिसतात. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, आकाराच्या मानाने हलकी. शेजारी कोणत्याही सोव्हिएत ज्युपिटर-३ चा फोटो ठेवा. रिंगांच्या कडेचे खाचे, डेप्थ ऑफ फील्डच्या (किती अंतरापर्यंत चित्र स्पष्ट येईल ते दाखवणाऱ्या) आकड्यांची मांडणी आणि माउंटजवळचा उतार हुबेहूब जुळला, तर रिंगवर काहीही लिहिलेलं असो, बॉडी सोव्हिएत आहे. सोनेरी मुलामा, गरुड किंवा सैन्याची चिन्हं असतील तर ती नकलीच, एवढी मेहनत घ्यायचीही गरज नाही.

मग कोरीव काम. मूळ रिंगवर अक्षरं आधी धातूत कोरून मग रंग भरलेला असतो, खोली सगळीकडे सारखी. नकलीत जुनी रशियन अक्षरं घासून काढून रिंग पुन्हा काळी करतात, त्यामुळे तिच्या कडा गोलावलेल्या दिसतात आणि काळा रंग शेजारच्या भागापेक्षा ताजा वाटतो. जर्मन लेन्सवर १ आणि ५ च्या मध्ये स्वल्पविराम असतो, टिंब नाही. टिंब असेल तर शंका घ्या.

यानंतरची चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला कोणत्याही तक्त्याची गरज नाही. काही नकली लेन्स ज्युपिटर-३ पासून नव्हे, तर स्वस्त ज्युपिटर-८ पासून केलेल्या असतात, जी एफ/२ ची आहे. दोघींचाही फिल्टर ४०.५ मिमीचा, म्हणून बाहेरून फसायला होतं. लेन्स पूर्ण उघडा, अनंतावर ठेवा, मागून पांढरा उजेड द्या आणि हातभर अंतरावरून समोर पट्टी धरून उजळलेल्या वर्तुळाचा व्यास मोजा. एफ/१.५ ला तो सुमारे ३५ मिमी यायला हवा, एफ/२ ला २६ च्या आसपास. नऊ मिलिमीटरचा फरक कोणीही कोरून लपवू शकत नाही.

एक गुंतागुंत मात्र लक्षात ठेवा. कॉन्टॅक्सच्या झोनारमधलं भिंगांचं नळकांडं काढून ज्युपिटर-३ च्या लायका माउंटमध्ये बसवणारे कारागीर आहेत, आणि ते काम चांगलंही होतं. अशा लेन्समध्ये काच जर्मन, बॉडी सोव्हिएत. ही नकली नव्हे, पण युद्धकाळातली दुर्मिळ लायका आवृत्तीही नव्हे. नळकांडं माउंटमधून काढून आतल्या भागांवरचे खरडलेले किंवा कोरलेले क्रमांक रिंगवरच्या क्रमांकाशी पडताळले तरच हे कळतं. पुढचा आणि मागचा गट वेगवेगळ्या लेन्समधून आलेला असणंही नवल नाही, आणि त्याने चित्राची धार हमखास जाते.

समजा ती ज्युपिटरच निघाली आणि तरी तुम्ही घ्यायची ठरवली, तर लायकावर तिचं फोकस तपासल्याशिवाय घेऊ नका. लायकाचा रेंजफाइंडर, म्हणजे अंतर जुळवून फोकस करायची यंत्रणा, ‘५० मिमी’ म्हणजे प्रत्यक्षात ५१.६ मिमी धरतो. झोनार घराणं ५२.४ मिमीच्या आसपास. जास्त फोकल लेंथला तेवढ्याच अंतरासाठी जास्त पुढे सरकावं लागतं, पण कॅमेरा लेन्सकडून ५१.६ च्या हिशेबाची हालचाल मोजतो. अनंताला सगळं बरोबर असलं, तरी १ मीटरवर लेन्स सुमारे ०.०९ मिमी कमी सरकलेली असते आणि फोकस विषयाच्या मागे साधारण ३ सेंटीमीटर जातो. एफ/१.५ ला त्या अंतरावर एका बाजूला दीड सेंटीमीटरच स्पष्ट असतं. डोळ्यांवर फोकस केला आणि कान स्पष्ट आले, असं होतं ते यामुळे.

तपासण्यासाठी कॅमेरा तिपाईवर, पट्टी ४५ अंशांत तिरपी, १ मीटरवर. रेंजफाइंडरने एका रेघेवर जुळवून एफ/१.५, एफ/२.८ आणि एफ/४ ला एकेक फोटो. झोनारमध्ये अ‍ॅपर्चर बंद करत गेलं की फोकस मागे सरकतो. तो दोष नव्हे, रचनेचा स्वभाव आहे. म्हणून एफ/१.५ चा फोटो पाहूनच निर्णय घ्यायचा, आणि एफ/२.८ चा पाहून घाबरायचं नाही.

एफ/१.५ ला फोकस मागे जात असेल तर नळकांडं आणि माउंट यांच्यामधली पातळ चकती, म्हणजे शिम, थोडी जाड करायची. पूर्ण ०.०९ मिमी भरली तर १ मीटर अचूक होतं, पण अनंत बिघडतं, जे एफ/४ च्या आसपास झाकलं जातं. मी अर्ध्यावर, म्हणजे ०.०४ ते ०.०५ मिमीवर थांबायला सांगेन. दोन्ही टोकं खपून जातात. शिम बदलल्यावर नळकांडं वेगळ्या कोनात घट्ट बसतं आणि अ‍ॅपर्चरची खूण बाजूला सरकते. हे बिघाडाचं लक्षण नाही. उलट विकायला आलेल्या लेन्सची खूण तिरकी दिसली तर कोणीतरी ती आधी उघडली आहे एवढं कळतं. मिररलेस कॅमेऱ्यावर पडद्यात बघून फोकस करणार असाल तर हा सगळा परिच्छेद विसरा.

काचेबद्दल थोडंच. टॉर्च तिरपा धरून मागच्या तीन भिंगांच्या कडेला इंद्रधनुषी चकाकी किंवा झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसली तर चिकटवण सुटलं आहे, ते घेऊ नका. धुरकट थर बहुतेक वेळा ग्रीसच्या वाफेचा असतो आणि साफ होतो. जुन्या ‘टी’ कोटिंगवर मात्र कापड घासू नका, ते मऊ असतं. पुढच्या काचेवरचे बारीक ओरखडे बहुधा असल्याच पुसण्याने आलेले असतात.

विक्रेत्याकडून चार फोटो मागा: समोरून रिंग, मागून माउंट आणि रेंजफाइंडरचा कॅम (लेन्सची हालचाल कॅमेऱ्याला कळवणारी कडा), लेन्स १ मीटरवर आणि अनंतावर असताना वरून एकेक. शेवटच्या दोन फोटोंत अ‍ॅपर्चरची खूण जागा बदलते का पाहा. बदलत असेल तर पुढचा भाग फिरतो आहे, आणि मग ज्युपिटरचाच भाव बोला.