वणव्यासारखी की वाऱ्यासारखी?

लाडक्या चिऊ,

रविवारच्या मराठी शाळेत तू निबंधात लिहिलंस, ‘बाळ झाल्याची बातमी जंगली आगीसारखी पसरली’, आणि ताईंनी खाली लाल रेघ ओढली. ‘इंग्रजीत स्प्रेड लाइक वाइल्डफायर चालतं, मग मराठीत का नाही?’ असं तू विचारलंस. काल झोपेच्या घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

मराठीतही चालतं, फक्त आपला शब्द आहे वणवा. रानात पेटलेली, आवरता न येणारी आग. अफवा वणव्यासारखी पसरते, दंगल पसरते. थांबवू म्हटलं तरी थांबत नाही, हा अर्थ दोन्ही भाषांत सारखाच. इंग्रजीत मात्र आनंदाच्या बातमीलाही तेच म्हणतात.

मला तसं म्हणवत नाही. आमच्या कोकणात होळीनंतर सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत वाळून कोळ होतं. एक ठिणगी पडली की सगळी वाडी ओल्या फांद्या घेऊन धावायची, आग झोडपायची. तरी आंब्या-काजूची कलमं जायची, पोरांसारखी वाढवलेली. इथे कॅलिफोर्नियात 8 नोव्हेंबर 2018 ला पॅरडाइज गाव जळालं, 85 माणसं गेली. वाऱ्यानं निखारे आगीच्याही पुढे उडत होते. आपण सुमारे 250 किलोमीटर लांब, फ्रीमाँटला, तरी धुरामुळे शाळा बंद ठेवल्या होत्या. तू दोन वर्षांची होतीस, खिडकीशी बसून खोकत होतीस. तेव्हापासून हा शब्द मी जपून वापरतो.

आपल्या रस्त्यावर एकामागून एक निघालेली बोबा चहाची दुकानं आठव. तिथेही वणवा नको. ‘दुकानांचं पेव फुटलंय’ म्हणायचं. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार. सांगलीजवळ हरिपूरला अशाच पेवांत हळद ठेवत.

आणि बाळाची बातमी? तू झालीस तेव्हा मी आजोबांना फोन केला. मग मावशीला लावला, तर ती म्हणाली, ‘कळलं रे, देवळात साखर वाटून झाली!’ दहा मिनिटंही झाली नव्हती. अशी बातमी वाऱ्यासारखी पसरते, चिऊ. निबंधात तसंच लिही.

तुझा,
बाबा